मुख्याध्यापक बदलले की काय टिकते? शालेय नेतृत्वावरील चर्चेचा आढावा

वणी हे दिंडोरी तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. नाशिकहून सापुताऱ्याकडे जाणारा रस्ता येथून जातो आणि सप्तशृंग गडाची चढण जवळच, नांदुरीला सुरू होते. एका बाजूला द्राक्षबागांचा सधन पट्टा आणि दुसऱ्या बाजूला सुरगाण्याचा डोंगराळ आदिवासी मुलूख, अशा शिवेवरच्या या टापूत मुख्याध्यापक एका साच्याचे नाहीत. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत अनेकदा मुख्याध्यापकाचे पदच मंजूर नसते. दोन शिक्षकांपैकी ज्येष्ठ असलेल्याकडे ‘चार्ज’ असतो. खासगी संस्थेच्या अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि कारकून अशी नीट उतरंड असते. आश्रमशाळेचा मुख्याध्यापक मुलांच्या जेवणाखाण्यापासून रात्रीच्या ताप-खोकल्यापर्यंत सगळ्याला जबाबदार असतो. विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्रिन्सिपल मॅडम पालकांना आणि संस्थाचालकांना रोज उत्तर देत असतात. शासन मात्र या चौघांकडून एकाच गोष्टीची अपेक्षा करते: वरून आलेला बदल शाळेत रुजवणे.

या चौघांचे काम मोजायला आपण ज्या कल्पना वापरतो त्या कुठून आल्या, त्यांच्यामागे पुरावा किती आहे आणि आपल्याकडच्या नियमांत त्या कितपत बसतात, याचा हा आढावा. ‘कोणती नेतृत्वशैली सर्वोत्तम?’ हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या परीक्षेत वर्षानुवर्षे येत आला आहे. त्याचे उत्तर आजवरच्या संशोधनाने अर्धेच दिले आहे, आणि उरलेला अर्धा भाग आपल्या शाळांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे असे मला वाटते.

शैलींचा शोध

नेतृत्वाच्या शैलींची ओळख बहुतेक शिक्षकांना बी.एड.च्या पुस्तकातून झालेली असते: एकाधिकारशाही, लोकशाही आणि मुक्त. ही विभागणी 1939 मध्ये कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छोट्या गटांवर केलेल्या प्रयोगांतून आली. पुस्तकांत त्याचा एवढाच निष्कर्ष उरला की लोकशाही शैली चांगली. प्रयोगातली खरी मोलाची नोंद वेगळी होती. हुकूमशाही पद्धतीने चालवलेल्या गटांत नेता समोर असेपर्यंत काम भरपूर होई. तो खोलीबाहेर गेला की काम एकदम घसरे. लोकशाही पद्धतीच्या गटांत नेता बाहेर गेल्यावरही मुले जवळपास तितकीच रमून काम करत. शाळेतल्या बदलाचा विचार करताना ही नोंद सतत आठवावी लागते, कारण आपल्याकडे मुख्याध्यापक ‘खोलीबाहेर’ जाण्याचे प्रसंग फार येतात. निवृत्ती, बदली, संस्थेच्या एका शाखेतून दुसऱ्या शाखेत रवानगी, हे सगळे नित्याचेच आहे.

पुढे 1978 मध्ये जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी राजकीय नेत्यांचा अभ्यास करताना देवाणघेवाणीवर चालणारे नेतृत्व आणि माणसांच्या प्रेरणाच बदलून टाकणारे परिवर्तनशील नेतृत्व असा भेद मांडला. बर्नार्ड बास यांनी 1985 मध्ये तो उद्योगसंस्थांत नेला आणि केनेथ लीथवूड यांच्यासारख्या अभ्यासकांनी नव्वदच्या दशकात शाळांत आणला. त्याच 1985 मध्ये फिलिप हॉलिंजर आणि जोसेफ मर्फी यांनी दुसरी वाट दाखवली. त्यांच्या मते मुख्याध्यापकाचे मुख्य काम अध्यापनाशी आहे: उद्दिष्टे ठरवणे, वर्गात जाऊन पाहणे, शिकवण्याचा वेळ राखणे. याला अध्यापनकेंद्री नेतृत्व म्हणता येईल. एकविसाव्या शतकात जेम्स स्पिलेन यांनी सांगितले की शाळेतले नेतृत्व एका खुर्चीत नसते; ते पर्यवेक्षक, विषयशिक्षक, कधी कधी एखादा जुना शिपाई यांच्यातही वाटलेले असते.

बदल हाताळण्याचा अभ्यास याला समांतर चालला होता. लेविनचीच ‘जुने सैल करा, बदला, पुन्हा घट्ट करा’ ही तीन पायऱ्यांची कल्पना 1947 ची. कॅनडाचे मायकेल फुलन यांनी 1982 पासून शैक्षणिक बदलावर लिहिताना एक साधे निरीक्षण पुढे आणले: कोणताही खरा बदल सुरू झाला की आधी कामगिरी घसरते, कारण माणसे जुने सोडून नवे शिकत असतात. पहिल्याच सत्रात निकाल मागणारी यंत्रणा त्यामुळे चांगला बदलही मोडून टाकू शकते. जीन हॉल, शर्ली हॉर्ड आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये तर शैली आणि बदल यांचा थेट सांधा जोडला. त्यांना मुख्याध्यापकांचे तीन प्रकार दिसले. पहिला पुढाकार घेणारा: दूरचे पाहतो, ठाम अपेक्षा ठेवतो आणि त्या पूर्ण करायला साधने मिळवतो. दुसरा व्यवस्था पाहणारा: कामे वेळेवर करवतो आणि शिक्षकांवर जादा भार येऊ देत नाही. तिसरा प्रतिसाद देणारा: शिक्षकांना त्यांच्या मार्गाने जाऊ देतो आणि अडचण आली की मदतीला येतो. नवा अभ्यासक्रम पुढाकार घेणाऱ्यांच्या शाळांत सर्वाधिक रुजला आणि प्रतिसाद देणाऱ्यांच्या शाळांत सर्वांत कमी. अभ्यास थोड्या शाळांचा होता, पण ‘चांगला मुख्याध्यापक म्हणजे कुणाला न दुखावणारा’ या समजुतीला त्याने पहिल्यांदा हिशेबाने धक्का दिला.

आपल्याकडचा वारसा

या नावांच्या कितीतरी आधी मराठी मुलखात शाळा चालवण्याच्या पद्धतींवर विचार झाला होता. 1 जानेवारी 1880 रोजी पुण्यात सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलच्या जडणघडणीत वामन शिवराम आपटे यांच्या कडक व्यवस्थापनाचा वाटा मोठा होता. 1918 साली गोखले एज्युकेशन सोसायटी उभी करणारे टी. ए. कुलकर्णी आजही ‘प्रिन्सिपल’ या उपाधीनेच ओळखले जातात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि त्याआधी, 1914 मध्ये, नाशिक जिल्ह्यात मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला. डांग भागात दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळाने आदिवासी मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे काढली. या साऱ्या परंपरेत नेतृत्व बहुधा संस्थापकाचे असे. मुख्याध्यापक हा त्याचा निष्ठावान हात. बहुजन समाजातल्या संस्थांनी खेडोपाडी माध्यमिक शाळा नेल्या त्या याच बळावर, आणि दिंडोरी-निफाडच्या आजच्या शिकलेल्या पिढ्या त्याच शाळांतल्या आहेत.

दुसरी धारा छोट्या प्रयोगशील शाळांची. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ, 1985 मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू करणाऱ्या लीलाताई पाटील, आणि पुढे पुण्यातली अक्षरनंदन किंवा नाशिकची आनंद निकेतन. इथे मुख्याध्यापक वर्गात बसतो, शिक्षकांबरोबर नोंदी लिहितो, चुका मोकळेपणाने चर्चेत आणतो. हॉलिंजर आणि स्पिलेन यांनी जे शब्दांत मांडले त्याचा बराचसा भाग लीलाताईंच्या शाळेत रोजच्या कामाचा भाग होता.

तिसरी धारा सरकारी शाळांतली, तुलनेने अलीकडची. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी सामान्य शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात या बीटचे उदाहरण राज्यभर दाखवले गेले आणि शिक्षकांच्या गाड्या भरून भेटी सुरू झाल्या. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पटाअभावी बंद पडण्याच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजींनी गावाला बरोबर घेऊन ती उभी केली आणि 2025 मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या पुरस्कारांत तिला लोकपसंतीचा मान मिळाला. आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळी या आदिवासी पाड्यावर केशव गावित यांची शाळा वर्षभर, दिवसाचे बारा तास चालते. कुमठेत बदल घडवणारी व्यक्ती कोणत्याच एका शाळेची मुख्याध्यापक नव्हती, आणि जालिंदरनगर किंवा हिवाळीसारख्या छोट्या शाळांत हाताखाली पर्यवेक्षक-कारकुनांची फौज नसते. नेतृत्व पदातून येते हे गृहीतक इथेच डळमळते.

मुख्याध्यापक होतात कसे

परदेशी सिद्धांत आपल्याकडे वापरताना एक मोठा फरक अनेकदा नजरेआड होतो. तिथे मुख्याध्यापकाची निवड होते. आपल्याकडे बहुतांश शाळांत पाळी येते. महाराष्ट्रातील खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा 1977 चा आणि त्याची नियमावली 1981 ची. या नियमावलीनुसार पात्रता पूर्ण करणाऱ्या आणि सेवेचा अभिलेख समाधानकारक असणाऱ्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला मुख्याध्यापक नेमायचे असते. संस्थेच्या अनेक शाळा असतील तर ज्येष्ठतेची यादी एकत्र होते. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक निवडीत सूट आहे. जिल्हा परिषदेतही पदोन्नती ज्येष्ठतेच्या यादीवरूनच चालते.

या नियमाची बाजू नीट समजून घ्यायला हवी. तो आला तेव्हा अनेक संस्थांत नेमणुका नात्यागोत्यावर आणि मर्जीवर होत होत्या. ज्येष्ठतेने शिक्षकाला संरक्षण दिले. मागासवर्गीय आणि स्त्री शिक्षकांना खुर्चीपर्यंत पोचण्याची हमी दिली. संघटना आजही हा नियम जिवापाड जपतात आणि त्यामागे कडू अनुभव आहे. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की अनेकांच्या वाट्याला ही खुर्ची निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असताना येते. पहिले वर्ष दप्तर समजण्यात जाते, शेवटचे वर्ष पेन्शनच्या प्रस्तावात. मधल्या काळात कोणती शैली फुलावी? फुलन यांनी सांगितलेली सुरुवातीची घसरण ओलांडायलाही तेवढा वेळ पुरत नाही.

दुसरी अडचण पदाचीच. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टानुसार पाचवीपर्यंतच्या शाळेत पट दीडशेच्या वर गेला तर मुख्याध्यापक, आणि सहावी ते आठवीसाठी शंभराच्या वर. डोंगरपट्ट्यातल्या पाड्यावरच्या शाळा या आकड्यापर्यंत पोचत नाहीत. तिथला चार्जवरचा शिक्षक वर्ग सांभाळून पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त आणि केंद्रप्रमुखांच्या बैठका सांभाळतो. त्याला मुख्याध्यापकाचे वेतन नाही, बहुधा प्रशिक्षणही नाही. शालेय नेतृत्वावरच्या साहित्यात या माणसाला जवळपास जागाच नाही आणि संख्येने तो मोठा आहे.

1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा बंधनकारक ठरवली; ज्यांची सेवा पाच वर्षांहून कमी उरली आहे त्यांना नोकरीसाठी सूट दिली, पण पदोन्नतीसाठी दिली नाही. म्हणजे ज्येष्ठतेच्या यादीवर प्रथमच परीक्षेची एक चाळणी बसली आहे. मुख्याध्यापकांच्या फळीवर त्याचा काय परिणाम होईल ते येत्या काही वर्षांत दिसेल.

बदलांची रांग

मुख्याध्यापकाची बदल हाताळण्याची क्षमता मोजायची तर त्याच्या दाराशी येणारे बदल कसे आहेत हे आधी पाहावे लागते. गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रातील शाळांनी सरल प्रणाली, शाळासिद्धी, निष्ठा प्रशिक्षण, टाळेबंदीतले ऑनलाइन वर्ग, निपुण भारत, ‘माझी शाळा सुंदर शाळा’ स्पर्धा आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 चे टप्पे अंगावर घेतले. काही बदल आले आणि परत गेले. पाठ्यपुस्तकांत वह्यांची पाने जोडण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला आणि 2025 मध्ये मागे घेतला गेला. एकच गणवेश राज्यस्तरावरून शिवून देण्याची योजना आली आणि 2024 च्या अखेरीस गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेला. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा निर्णय 16 एप्रिल 2025 रोजी निघाला, 17 जूनला सुधारला गेला आणि महिनाअखेरीस दोन्ही आदेश रद्द झाले. जूनमध्ये शाळा उघडतात. त्या पंधरवड्यात पालकांना काय सांगायचे हे प्रत्येक मुख्याध्यापकाने स्वतःच्या बुद्धीने ठरवले.

या अनुभवातून शिक्षकांत एक सवय तयार होते: परिपत्रक आले की फाइल करायची आणि वाट पाहायची. बाहेरून पाहणाऱ्याला हा बदलाला विरोध वाटतो. आतल्या माणसाच्या दृष्टीने ती शहाणी सावधगिरी असते, कारण मागच्या तीन बदलांसाठी घातलेली मेहनत वाया गेलेली त्याने पाहिली आहे. बदलाच्या सिद्धांतांनी या थकव्याची दखल घेतली आहे, पण ते बहुतेक वेळा एकाच बदलाची गोष्ट सांगतात. आपल्याकडचा मुख्याध्यापक एकाच वेळी सात-आठ बदल हाताळत असतो आणि त्यांतला कोणता टिकणार हे त्याला माहीत नसते. या सिद्धांतांनी दुर्लक्षिलेली एक क्षमता इथे कामाची ठरते: कोणता बदल मनापासून राबवायचा आणि कोणता कागदावर पुरा करायचा याची निवड. प्रशिक्षणात ती शिकवली जात नाही. अनुभवी हेडसरांना ती चांगली जमते.

वणीच्या परिसरात याला ऋतूंचीही जोड आहे. द्राक्षबागांच्या छाटणीला आणि काढणीला सुरगाणा-पेठकडून मजूर कुटुंबे येतात, त्यांच्याबरोबर मुले येतात किंवा आजी-आजोबांपाशी राहतात. चैत्रातली यात्रा आणि नवरात्र या काळात गडाकडे जाणारे रस्ते भाविकांनी भरतात. हजेरीचे, चाचण्यांचे आणि स्नेहसंमेलनाचे वेळापत्रक या गोष्टी ध्यानात घेऊन लावावे लागते. शेजारच्या गावचा माणूस मुख्याध्यापक असला तर त्याला हे सांगावे लागत नाही. लांबून बदलून आलेल्याला एक वर्ष जाते.

कोण काय म्हणते

आजच्या चर्चेत मला चार मते ठळक दिसतात, जरी ती मांडणारे नेहमी एकमेकांसमोर बसत नाहीत.

धोरणकर्त्यांचा भर प्रशिक्षणावर आहे. नीपा या राष्ट्रीय संस्थेत 2012 पासून शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र काम करते. त्याच्या आराखड्यात स्वतःचा विकास, अध्यापनात परिवर्तन, संघबांधणी, नवोपक्रम, समाजाशी भागीदारी अशी क्षेत्रे आहेत. राज्यात छत्रपती संभाजीनगरची ‘मिपा’ ही संस्था हे काम पाहते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका त्याहून आधीपासून शिक्षकांच्या परिचयाची आहे. अनेकांनी ती नोकरी सांभाळून केली. 2020 च्या धोरणाने मुख्याध्यापकांसाठीही दरवर्षी किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. या मताचा गाभा असा की नेतृत्व शिकता येते आणि परिवर्तनशील शैली अंगी बाणवता येते.

मुख्याध्यापक संघटनांचे म्हणणे वेगळे. त्यांच्या मते क्षमता आहे, अवकाश नाही. कारकून आणि शिपायांची पदे घटली, 2020 च्या शासन निर्णयाने शिपायाच्या पदाऐवजी भत्त्याची व्यवस्था आली. रोज व्हॉट्सॲपवर ‘आजच, तातडीने’ अशी माहिती मागवली जाते. वर्गात जाऊन पाठ पाहायचा तर कार्यालय कुणावर सोडायचे? लॉगबुक त्यामुळे महिन्याच्या शेवटी भरले जाते. ही तक्रार ऐकताना ती सबब वाटू शकते, पण कोणत्याही अनुदानित शाळेच्या कार्यालयात एक सकाळ घालवली तर तिची सत्यता पटते.

संस्थाचालकांचा रोख अधिकारावर असतो. शिक्षक निवड आता पवित्र प्रणालीतून होते, मुख्याध्यापक ज्येष्ठतेने ठरतो, संचमान्यता शासन करते. मग परिणामांची जबाबदारी आमच्यावर कशी, असे ते विचारतात. त्यांना गुणवत्तेने निवडलेला, निदान पाच-सात वर्षे टिकणारा मुख्याध्यापक हवा आहे. शिक्षक संघटना यावर विचारतात की गुणवत्ता ठरवणार कोण. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

प्रयोगशील शाळांतून आणि कुमठेसारख्या अनुभवातून येणारा विचार व्यक्तीपेक्षा शिक्षकांच्या गटाकडे पाहतो. केंद्रातल्या शाळा एकमेकींकडून शिकल्या तर एका मुख्याध्यापकाच्या शैलीवर सगळे अवलंबून राहत नाही. शाळासंकुलाची कल्पना कोठारी आयोगाने 1964 ते 1966 या काळात मांडली आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. 2020 च्या धोरणाने ती पुन्हा पुढे आणली. मात्र दुर्गम भागात संकुलाच्या नावाखाली छोट्या शाळा बंद होतील ही भीतीही तिच्या मागोमाग आली, आणि पाड्यावरच्या मुलींच्या दृष्टीने ती भीती क्षुल्लक नाही.

पुरावा काय सांगतो

मुख्याध्यापकाने फरक पडतो, याबद्दल आता फारसा वाद नाही. जेसन ग्रिसम आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या माहितीसंचांचा आढावा घेतला. खालच्या पाव भागाच्या सीमेवरचा मुख्याध्यापक जाऊन वरच्या पाव भागाच्या सीमेवरचा आला तर विद्यार्थ्यांना वर्षाकाठी सुमारे तीन महिन्यांच्या जादा शिकण्याइतका लाभ होतो, असा त्यांचा अंदाज आहे. तो लाभ एका वर्गाला नव्हे, साऱ्या शाळेला मिळतो.

शैलीबाबत सर्वांत जास्त उद्धृत होणारे काम न्यूझीलंडच्या विव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांचे, 2008 चे. त्यांनी 27 अभ्यास एकत्र केले. अध्यापनकेंद्री नेतृत्वाचा विद्यार्थ्यांच्या शिकण्यावरचा परिणाम परिवर्तनशील नेतृत्वाच्या तीन ते चार पट निघाला, आणि त्यातही सर्वाधिक प्रभाव एका गोष्टीचा: मुख्याध्यापकाने शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सहभागी होणे. प्रशिक्षण लावून दिले आणि स्वतः कार्यालयात बसले, याचा नव्हे. प्रेरक भाषण करणाऱ्यापेक्षा गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसून नंतर शिक्षकाशी त्या तासावर बोलणारा मुख्याध्यापक शाळेला अधिक देतो, असा याचा साधा अर्थ मी घेतो.

भारतातला पुरावा कमी आहे आणि जो आहे तो विचारात पाडणारा आहे. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये आठ देशांतल्या 1,800 हून अधिक शाळांच्या व्यवस्थापनाची तुलना प्रसिद्ध केली. चांगल्या व्यवस्थापनाच्या शाळांत मुलांचे निकाल चांगले होते. त्या आठ देशांत भारत तळाला होता. ज्या सरकारी शाळांना स्वायत्तता होती त्या वरचढ ठरल्या, पण बाहेरच्या कुणाला तरी उत्तरदायी असणे आणि मुख्याध्यापकाचे भक्कम नेतृत्व या दोन गोष्टींशी ते जोडलेले होते.

दुसरा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंह यांचा, मध्य प्रदेशातला. तिथे शाळांचे मूल्यमापन करून प्रत्येकीचा सुधारणा आराखडा बनवण्याचा नीट आखलेला कार्यक्रम राबवला गेला. मूल्यमापने झाली, आराखडे तयार झाले. शिक्षकांच्या उपस्थितीत, शिकवण्यात किंवा मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. तरीही कागदावर यशस्वी दिसल्यामुळे तोच साचा देशभर सहा लाखांहून अधिक शाळांत पसरला. आपल्याकडच्या मुख्याध्यापकांनी शाळासिद्धीचे तक्ते भरले ते याच साच्यातले. त्या कार्यक्रमात मुख्याध्यापकाच्या हाती आराखडा आला, पण तो अमलात आणण्याचा अधिकार किंवा त्यासाठीचे प्रोत्साहन आले नाही, असे अभ्यासकांचे निदान आहे. संघटनांच्या तक्रारीला इतका भक्कम आधार दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आपल्या विद्यापीठांतही या विषयावर एम.एड. आणि पीएच.डी.चे प्रबंध होत असतात. नेहमीची पद्धत प्रश्नावलीची: मुख्याध्यापक स्वतःची शैली नोंदवतो, शिक्षक समाधान नोंदवतात, आणि दोहोंचा सहसंबंध काढला जातो. या पद्धतीत एक मूलभूत कमजोरी आहे. जो मुख्याध्यापक आवडतो त्याला शिक्षक ‘लोकशाहीवादी’ही म्हणतात आणि ‘बदल चांगला हाताळतो’ असेही म्हणतात. मग दोन्हींत घट्ट संबंध दिसणारच. शिवाय ज्याच्या हाताखाली सेवा आहे, ज्याच्याकडे गोपनीय अहवाल आहे, त्याच्याबद्दल शिक्षकाने किती मोकळेपणाने लिहावे? अशा प्रबंधांतून परिवर्तनशील शैली जवळपास दरवेळी जिंकते. रॉबिन्सन यांनी मुलांचे शिकणे मोजले तेव्हा चित्र पालटले, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

न सुटलेले

प्रशिक्षणाने मुख्याध्यापक घडतो का, हा पहिला मोकळा प्रश्न. रोलंड फ्रायर यांच्या ह्यूस्टनमधल्या 2017 च्या अभ्यासात मुख्याध्यापकांना दोन वर्षांत 300 तासांचे सघन प्रशिक्षण दिल्यावर परिणाम दिसला. आपल्याकडचे 50 तास, तेही बरेचसे ऑनलाइन व्हिडिओंचे, याच्याशी तुलना करता येत नाही. सोबतीला शाळेत येऊन बरोबर बसणारा मार्गदर्शक असेल तर वेगळे घडेल का, हे तपासायला हवे. केंद्रप्रमुखाचे पद याच हेतूने निर्माण झाले होते. ते माहिती गोळा करण्यात अडकले.

ज्येष्ठतेचा प्रश्नही अनुत्तरित आहे. ज्येष्ठता राखून पन्नाशीच्या आत संधी देणे, ज्येष्ठांतल्या पहिल्या काहींमधून निवड करणे, निश्चित मुदतीची नेमणूक, असे पर्याय बोलले जातात. यांतल्या कोणत्याही पर्यायाचा शाळांवर काय परिणाम होतो हे राज्यात कुणी तपासून दाखवलेले मला आढळलेले नाही. तोवर एका बाजूने मर्जीची भीती आणि दुसऱ्या बाजूने निष्क्रियतेची तक्रार अशीच चालू राहील.

आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकाला कोणती शैली लागू पडते, हे तर विचारलेच गेलेले नाही. चोवीस तासांची शाळा चालवणाऱ्या माणसाला अध्यापनकेंद्री नेतृत्वासाठी वेळ कोठून मिळावा? कोकणा किंवा महादेव कोळी घरातून आलेल्या मुलाची घरची बोली आणि पुस्तकातली मराठी यांच्यातले अंतर त्याने कसे सांधावे? कळवण आणि नाशिक अशी दोन आदिवासी प्रकल्प कार्यालये या जिल्ह्यात आहेत, म्हणजे अभ्यासाला क्षेत्र कमी नाही.

आणि टिकण्याचा प्रश्न. हिवाळी, जालिंदरनगर, कुमठे यांची वर्णने आपण नेहमी माणूस तिथे असतानाची वाचतो. तो माणूस गेल्यानंतर पाच वर्षांनी शाळा कशी आहे, याची वर्णने मिळत नाहीत. जिल्हा परिषदेच्या ऑनलाइन बदल्या आणि संस्थांच्या अंतर्गत बदल्या पाहता हाच खरा निकष असायला हवा. सध्या मुख्याध्यापक चार्ज देतो तेव्हा डेडस्टॉक, कॅशबुक आणि सर्व्हिसबुके मोजून दिली जातात. तिसरीच्या वाचनासाठी शाळेने दोन वर्षे काय करून पाहिले, कोणत्या पालकांशी कसे बोलावे लागते, कोणता उपक्रम का सोडला, याची नोंद त्या यादीत नसते.

म्हणून दोन विनंत्या. दिंडोरी तालुक्यातल्या संस्थांनी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी चार्ज देण्याच्या यादीत अशी दोन पानांची शैक्षणिक नोंद जोडावी आणि जुन्या-नव्या मुख्याध्यापकांना निदान आठवडाभर एकत्र बसू द्यावे. त्याला शासन निर्णय लागत नाही. आणि मुक्त विद्यापीठातल्या किंवा नाशिकच्या अध्यापक महाविद्यालयांतल्या एखाद्या संशोधकाने प्रश्नावली बाजूला ठेवून वणी परिसरातल्या वीस-पंचवीस शाळा, त्यांत पाड्यावरच्या चार्जच्या शाळा आणि आश्रमशाळाही, निवडाव्यात आणि मुख्याध्यापक बदलण्याआधी दोन वर्षे आणि बदलल्यानंतर तीन वर्षे तिथल्या मुलांचे वाचन आणि गणित तपासत राहावे.